भिजलेलं पुस्तक उघडू नका

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूण शहरात घुसलं आणि लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली हजारो पुस्तकं भिजली. हे ग्रंथालय १८६४ सालचं. २६ जुलै २००५ च्या पुरातही ते बुडालं होतं, आणि या दोन पुरांच्या मध्ये, जानेवारी २०१३ मध्ये, याच संस्थेने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं होतं.

पाणी ओसरल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत मोलाचे. ४८ ते ७२ तासांत कागदावर बुरशी धरते. कोकणातल्या जुलैच्या दमट हवेत तर वाट बघायलाच नको. चिखलाने माखलेलं पुस्तक मिटलेलंच ठेवून स्वच्छ पाण्यात बुचकळावं, वरचा गाळ बोटांनी अलगद सोडवावा. शाईने लिहिलेली वही किंवा हस्तलिखित मात्र असं धुऊ नये, शाई फुटते. मग पुस्तक पंख्याच्या वाऱ्यात उभं करायचं आणि थोड्या-थोड्या पानांआड टिपकागद घालून तो बदलत राहायचं. दिवाळी अंकातल्या गुळगुळीत पानांचं दुखणं वेगळंच. ती वाळताना एकमेकांना चिकटतात आणि अंकाची वीट होते. म्हणून त्यांना पहिला नंबर द्यावा.

हजारभर पुस्तकं भिजली तर एवढे पंखे आणणार कुठून? शिवाय पुरानंतर वीज असतेच असं नाही. अशा वेळी पुस्तकं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून उणे १८ ते २० अंशांत गोठवतात. बुरशी मरत नाही, पण थांबते. मग सवडीने दहा-दहा पुस्तकं काढून वाळवता येतात. १९६६ च्या पुरानंतर इटलीतल्या फ्लॉरेन्सकरांनी भिजलेले ग्रंथ तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांत वाळवले. आसपास जे होतं ते वापरलं. रत्नागिरीत मासळी गोठवून निर्यात करणारे कारखाने आहेत. ग्रंथालयांनी त्यांच्याशी मे महिन्यातच बोलून ठेवायला काय हरकत आहे? पुस्तकांना थोडा वास लागेल, लागू दे.

पुरात फक्त पुस्तकंच भिजत नाहीत. नमन-खेळे आणि जाखडी या कोकणातल्या लोककला, आणि त्यांच्या मंडळांचं सामान बहुधा कुणाच्या तरी पडवीत किंवा माळ्यावर असतं. भिजलेला मृदंग उन्हात ठेवला की खोड तडकतं. वाद्या सैल करून तो सावलीतच वाळवावा. पुडी सहसा वाचत नाही, नवीन चढवावी लागते. पेटी भिजली तर भाता मारून बघायचा मोह आवरा, कारण गाळ सुरांच्या पट्ट्यांत जाऊन बसतो. आधी ती कारागिराकडून उघडून घ्या.

आता पैशाचं. तलाठी पंचनामा करतात तो मुख्यतः घर, दुकान, शेती, जनावरं यांचा. आपत्ती मदतीच्या सरकारी निकषांत हस्तकला आणि हातमाग कारागिरांची हत्यारं आणि कच्चा माल येतो, पण नमन मंडळाचा मृदंग त्यात बसवणं अवघड. हे मला अन्यायाचंच वाटतं, पण अर्ज भरताना ते माहीत असलेलं बरं. मंडळाची नोंदणी नसेल, बँकेत खातं नसेल, तर देणगीदारालाही चेक कुणाच्या नावाने फाडायचा हा प्रश्न पडतो. ग्रंथालयाची बाजू त्या मानाने भक्कम असते. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, किंमत, तारीख असते. विमा असेल तर सर्व्हेअर तीच मागतो, आणि निकामी पुस्तकांचं निर्लेखनही तिच्याच आधारे होतं. पण नुकसानीचा पुरावाही लागतो, म्हणून फोटो काढण्याआधी कचरा उचलू नका. चिखलातलं कपाट, पाण्याची भिंतीवरची रेघ, पुस्तकांचे ढीग, सगळ्याचे फोटो हवेत.

पूर आला की लोक मायेने जुनी पुस्तकं पाठवतात. त्यांत त्याच त्या कादंबऱ्यांच्या पाच-पाच प्रती निघतात आणि त्या ठेवायला कपाटच नसतं. त्यापेक्षा लोखंडी कपाट, टिपकागद किंवा वाळवणाऱ्या माणसांची मजुरी द्यावी. गावचा जुना दस्तऐवज आणि स्थानिक नियतकालिकांचे अंक पुन्हा विकत मिळत नाहीत. आहेत तेच वाचवावे लागतात.

आपल्या ग्रंथालयाची दाखल नोंदवही किंवा मंडळाच्या सामानाची यादी तळमजल्यावर असेल, तर या आठवड्यात तिच्या पानापानाचे फोटो काढा आणि मुंबईला असलेल्या एखाद्या गाववाल्याला पाठवून ठेवा.