पश्मिन्याचा हंगाम : चांगथांगच्या पठारावरील उन्हाळा

हिवाळा लागला की मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांतून पाठीवर गठ्ठा घेऊन काश्मिरी शालवाले फिरू लागतात. शालीचा व्यापार करणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. पण पश्मिन्याचा कच्चा माल जेथे निघतो, त्या लडाखमधील चांगथांग पठारावरचा व्यवहार फारसा कुणाला ठाऊक नाही.

हे पठार समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून उंच. थंडीत पारा उणे ३० च्याही खाली उतरतो. त्या थंडीत शेळीच्या राठ केसांखाली जी मऊ लव उगवते, तीच पश्म. तिची जाडी अवघी १२ ते १५ मायक्रॉन. उन्हाळा सुरू झाला की ही लव सुटू लागते आणि चांगपा कुटुंबाच्या कमाईचे दिवस येतात.

हे लोक फिरते मेंढपाळ. याकच्या केसांचा तंबू, त्याला ते रेबो म्हणतात. सकाळी बायका शेळ्यांच्या माना समोरासमोर एका लांब दोरीत गुंफून दोन रांगा करतात आणि धारा काढतात. दुधाचे लोणी व सुके चीज करून थंडीसाठी ठेवायचे. मग कळप चरायला जातो. लांडग्यांचे भय असल्याने राखण्या माणूस लागतोच.

विंचरणी साधारण जून-जुलैत. शेळी आडवी पाडून पाय बांधतात आणि लोखंडी दातांच्या फणीने लव ओढून काढतात. काम घाईचे नाही, हलक्या हाताचे आहे. लवकर विंचरले तर लव सुटत नाही, जनावराला दुखते. उशीर केला तर ती खडकाला नि झुडपाला लागून वाया जाते. राठ केस जितके जास्त मिसळतील तितका भाव कमी. शालीचा निम्मा दर्जा येथेच ठरतो, असे म्हणायला हरकत नाही.

हिशेब पाहा. एका शेळीपासून वर्षाला साधारण पाव किलो कच्ची पश्म मिळते. शंभर शेळ्यांचा कळप धरला तर पंचवीस किलो. त्यातले केस, माती व कचरा काढला की शुद्ध माल आठ-दहा किलोच उरतो. एवढ्यावर घराचा वर्षभराचा धान्य, चहा आणि मुलांच्या शाळेचा खर्च! मेंढीची लोकर व याकचे केस मात्र बरेचसे घरीच लागतात. बायका कमरेला बांधायच्या मागावर विणतात. तंबू-घोंगड्यांसाठी पुरुषांचा माग वेगळा.

हा माल काश्मीरला जाण्याची परंपरा जुनी आहे. १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहात तिबेटची पश्म लडाखमार्गे काश्मीरलाच देण्याचे ठरले होते. पाळणारे बौद्ध, कातणाऱ्या व विणणारे श्रीनगरचे मुसलमान कारागीर, आणि मध्ये दोघांना सांभाळणारा व्यापारी अशी ही साखळी. पूर्वी व्यापारी तंबूवर येऊन अगाऊ रक्कम वा शिधा देई आणि भाव तोच ठरवी. पुढे पशुपालकांची सहकारी संस्था झाली, २००४ साली लेहला केस वेगळे करण्याचा कारखानाही सुरू झाला.

आता अडचण माणसांची आहे. मुले लेहला शिकायला जातात, परततात थोडी. खरनाकची अनेक कुटुंबे कळप विकून लेहजवळच्या खरनाकलिंग वस्तीत राहायला आली. त्यांना दोष कोण देणार? थंडी सोसून वर्षातून एकदाच पैसा पाहायचा, आणि २०१३ च्या हिमवर्षावासारखा प्रसंग आला की हजारो जनावरे उपाशी मरायची. पण फणी धरणारे हात कमी झाले तर श्रीनगरच्या मागाला बाहेरदेशच्या मालाकडेच पाहावे लागेल.

दुसरा धोका यंत्राचा. ही लव इतकी नाजूक की यंत्रावर कातताना बहुधा नायलॉनचा आधार द्यावा लागतो, आणि तो माल हातकामाच्या नावाने खपतो. २००८ साली काश्मीर पश्मिन्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हाताने कातलेली व विणलेली, १६ मायक्रॉनपर्यंतची शाल श्रीनगरला तपासून तिला लेबल लावले जाते. आपल्या दुकानदारांनी माल उचलताना हे लेबल मागावे. अंगठीतून शाल ओढून दाखवणाऱ्यावर भिस्त ठेवू नये. पातळ यंत्रमागाची शालही अंगठीतून सहज निघते.