फ्रिज लहान की भरताड मोठी?

सिंगल डोअर फ्रिज अपुरा पडतो तो बहुतेक वेळा लिटर कमी म्हणून नव्हे, तर आत राहायची गरजच नसलेल्या जिनसांमुळे. बटाटे फार गार ठेवले की त्यांतल्या स्टार्चची साखर होऊ लागते आणि काचऱ्या लवकर काळपटतात. कांद्याला कोरडी, वारा खेळणारी टोपलीच मानवते. केळ्याची साल तर थंडीने काळी पडते. मीठ-तेलात मुरलेलं कैरीचं लोणचंही बाहेर टिकतं, तरी बरणी मानाने वरच्या फळीवर! ‘विदर्भाच्या उन्हाळ्यात बाहेर काय टिकणार?’ हा आक्षेप रास्त आहे. पण तो दूध, उरलेली आमटी, इडलीचं पीठ यांच्याबाबत, आणि जागा मोकळी करायची ती त्यांच्यासाठीच. वाटीभर भाजी पातेल्यासकट आत ढकलण्यापेक्षा चौकोनी डब्यात काढावी, कारण गोल भांड्यांमधले कोपरे फुकट जातात. मात्र ठासून भरणं म्हणजे जागा वाचवणं नव्हे: गार हवा फिरायला फट उरली नाही, तर काही डबे थंड आणि काही कोमट राहतात. दाराचे कप्पे सतत उघडझाप झाल्याने सर्वांत कमी गार असतात. तिथे सॉस, जॅम ठेवावा आणि दूध आत. कोथिंबीर मात्र निवडून, कोरडी करून, कागदात गुंडाळून चपट्या डब्यात ठेवली, तर जुडीपेक्षा जागाही कमी घेते आणि टिकतेही जास्त.