विक्रेते अनेक, तरी स्टेंट महाग का होता?

विक्रेते वाढले की भाव उतरतो, हे मोबाइलच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचं मात्र तसं झालं नाही. देशी-विदेशी अनेक कंपन्या भारतात स्टेंट विकत होत्या, तरी औषधाचा लेप असलेल्या एका स्टेंटची छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजार रुपये होती.

१३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने (एनपीपीए) त्यावर कर वगळून २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. साध्या धातूच्या स्टेंटसाठी ती ७,२६० रुपये होती.

स्पर्धा होती, पण कोणाला खूश करण्यासाठी?

मोबाइल निवडणारा आणि पैसे देणारा माणूस एकच असतो. स्टेंट निवडतात डॉक्टर आणि रुग्णालय, पैसे देतो रुग्ण. त्यामुळे कंपन्यांची चढाओढ रुग्णासाठी नव्हे, तर रुग्णालयासाठी होती. छापील किंमत जितकी जास्त, तितकं मधल्यांना जास्त मार्जिन देता येतं. एनपीपीएच्या आकडेवारीत रुग्णालयाच्या टप्प्यावरचं मार्जिन कमाल ६५४ टक्के निघालं. म्हणजे इथे स्पर्धेनेच किंमत वर ढकलली.

रुग्ण घासाघीस का करत नाही?

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच याचं उत्तर दिलं होतं. आजारपण कधी येईल ते सांगता येत नाही. कोणता उपचार हवा हे डॉक्टरला रुग्णापेक्षा कितीतरी जास्त माहीत असतं. भाजी पारखून घेता येते, उपचार आधी वापरून बघता येत नाहीत. छातीत कळ आलेला माणूस चार रुग्णालयांचे दर विचारत फिरत नाही.

मग मर्यादा घातली की प्रश्न सुटला?

पूर्ण नाही. काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट भारतातून मागे घेण्याची परवानगी मागितली. नवं तंत्रज्ञान आणायला पैसा लागतो आणि भाव फार दाबले तर ते उशिरा येईल, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. शिवाय मर्यादा फक्त स्टेंटवर आहे. खोलीचं भाडं, तपासण्या, शस्त्रक्रियेचं शुल्क यांवर ती लागू नाही. एका ओळीतला कमी झालेला नफा बिलाच्या दुसऱ्या ओळीत जाऊ शकतो.

म्हणून किंमत बांधण्याइतकंच महत्त्व बिल उघड असण्याला आहे. नियमानुसार अँजिओप्लास्टीच्या बिलात स्टेंटची किंमत वेगळी, ब्रँड, कंपनी आणि बॅच क्रमांकासह लिहावी लागते. ती ओळ बिलात नसेल, तर ती मागणं हा रुग्णाचा हक्क आहे.