बीपीची गोळी अंगात काय करते?

मुरगूड भागातल्या बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "आता बीपी बरोबर आलंय, मग गोळी कशाला खायची?" आमच्या शेजारच्या काकूंनी असाच विचार करून गोळी बंद केली. चार महिन्यांनी पहाटे धार काढायला बसल्या, तर उजवा हात उचलेना. लकवा झाला होता. म्हणून आज ही गोळी काय करते ते समजून घेऊया.

वेदगंगेवरून उसाला पाणी आणताना पाइप कुठं दाबली गेली तर काय होतं? मोटरीवर ताण येतो आणि एखाद्या दिवशी जोड फुटतो. आपल्या अंगात हृदय ही मोटर आणि रक्तवाहिन्या या पाइपा. फरक इतकाच, की रक्तवाहिनीच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. ते आवळले की वाहिनी अरुंद होते आणि दाब वाढतो.

हे स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं. ते स्नायूंच्या पेशींत बारीक दारांतून शिरतं. पुष्कळ जणींना मिळणारी ॲम्लोडिपिनची गोळी याच दारांवर राखण करते. कॅल्शियम कमी शिरलं की स्नायू सैल पडतात, वाहिनी रुंद होते आणि दाब उतरतो. म्हणून दूध, नाचणी मात्र सोडू नका. गोळी दारावर काम करते, ताटातल्या कॅल्शियमशी तिचं भांडण नाही.

ही गोळी सावकाश काम करते. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि एका गोळीचा असर दिवसभर टिकतो. म्हणून रोज एकच, ठरल्या वेळी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. गोळी बंद केली की दारं पुन्हा उघडतात आणि दाब पुन्हा चढतो. तो चढताना बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. बीपी बरोबर आलं ते गोळीमुळंच, हे ध्यानात ठेवा.

काहींच्या घोट्यावर सूज येते, डोकं दुखतं. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा गोळी बदलतील. आपल्या मनानं बंद करू नका. जाऊबाईची गोळीही घेऊ नका. बीपीच्या गोळ्या वेगवेगळ्या असतात, आणि काही गरोदरपणात चालत नाहीत. दिवस गेले असतील तर आधी सांगा.

मीठ दिवसाला सगळं मिळून एक चमचा, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, खर्डा यातलंही त्यात धरायचं.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर थांबू नका, लगेच 108 ला फोन करा.

दाब 140/90 किंवा त्याहून जास्त निघाला तर तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो. पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीनं आरोग्य केंद्रात जाऊन एकदा बीपी मोजून यायचं. येताना सासूबाईंनाही सोबत न्या.