दुकान पुढे, बिऱ्हाड मागे : आधी कागदावर मांडा



आपल्याकडच्या बहुतेक गावांचे एक पाऊल मुंबईत असते. कुणाचा भाऊ घाटकोपरला, कुणाचा मेव्हणा बोरिवलीला. पूर्वी ही मंडळी गिरणीत असत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधार सुटत गेला आणि अनेकांनी राहत्या जागेतच धंदा मांडला. त्या धंद्याला पैसा गावाकडून, म्हणजे बऱ्याचदा उसाच्या बिलातूनच जातो. म्हणून हा विषय आपल्या अंकात.

माझा एक बालमित्र मुलुंडला तळमजल्याच्या गाळ्यात राहतो. दहा फूट रुंद, चोवीस फूट लांब जागा. पुढे पोळी-भाजी केंद्र, मागे बिऱ्हाड. नवरा-बायको, म्हातारी आई आणि दहावीतली मुलगी. गावच्या भावाने उसाच्या हप्त्यातून रक्कम दिलेली. ती एकदा सुताराच्या हातात गेली की परत येणार नव्हती. मला थोडेफार रेखाटन जमते, म्हणून त्याने बोलावून घेतले.

फुलस्केप कागदावर एका फुटाला अर्धा इंच असे प्रमाण धरले. गाळा पाच इंच बाय बारा इंचांत बसला. मग पुठ्ठ्याचे तुकडे त्याच मापाने कापले : खाट, कपाट, ओटा, पिठाचे डबे. तुकडे सरकवायला पैसे पडत नाहीत, भिंत सरकवायला पडतात.

मित्राच्या मनात होते तसे पहिले चित्र काढले. आठ फुटी सनमायकाचा काउंटर, मागे आरसा. रुबाब होता खरा. पण वहिनींनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘भावजी, ह्यात मी पोळ्या लाटायला उभी कुठं राहू? आन् पोरगी शाळेतनं आली की गिऱ्हाइकांना ढकलतच आत यायची का?’’ मित्र गप्प झाला. दिवसाला दीड-दोनशे पोळ्या ज्या हातांनी होतात, त्यांना कुणी विचारलेच नव्हते!

दुसऱ्या चित्रात काउंटर चार फुटांचा केला. एका भिंतीलगत तीन फुटांची वाट थेट घरात नेली आणि उरलेल्या तीन फुटांत डब्यांची मांडणी आली. दुकानाला सहा फूट, स्वयंपाकाला नऊ, घराला नऊ. घर आणि स्वयंपाक यांच्यामध्ये खाली कपाट, वर जाळी; हवा खेळती राहते. मागच्या खिडकीशी मुलीच्या अभ्यासाला घडीची फळी, मोरीजवळ आजींची खाट. ओट्याची उंची वहिनींच्या कोपरावरून ठरवली. कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा असला की लाटताना पाठ भरून येत नाही.

ही गोष्ट नवी नाही. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी स्वयंपाकघराचा आराखडा केला, तो बाईला किती पावले टाकावी लागतात याचा हिशेब करूनच. खोली जेमतेम सहा फूट बाय अकरा फूट. तशी सुमारे दहा हजार घरांत बसली. आपल्या मुंबईतही गिरणगावच्या खाणावळवाल्या बाया एवढ्याशा खोलीत कामगारांना जेवू घालत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. घर हाच कारखाना असेल, तर तिथल्या कामगाराची सोय आधी पाहायला नको का?

उपनगरात पावसाचाही विचार हवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, आणि किती तळमजल्यांत पाणी शिरले! म्हणून खालच्या मांडणीला प्लायवुड नको, ते पाण्याने फुगते, कडाप्पा बरा. पीठ-धान्य वरच्या फळीवर, विजेची बटणे चार फुटांच्या वर. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साठतो. तेव्हा सिलिंडरजवळ खाली झरोका ठेवावा. धंद्याला घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. त्याची जागाही चित्रात धरावी. पोटमाळा काढायचा तर महापालिकेत चौकशी केल्याशिवाय नको.

शेवटी खडूने पूर्ण मापाच्या रेघा फरशीवर मारल्या. वहिनी त्या रेघांतून परात घेऊन फिरल्या, एका कोपऱ्यात अडल्या, तिथे मांडणी अर्धा फूट आत घेतली. मगच सुताराला बोलावले. काउंटर निम्मा झाल्याने जे पैसे वाचले, त्यात धूर ओढणारा पंखा बसला.

सभासदहो, आपल्यापैकी अनेकजण रस्त्याकडेला घर बांधून पुढे किराणा, पिठाची गिरणी किंवा खताचे दुकान काढतात. सरी आखल्याशिवाय आपण उसाची कांडी लावत नाही. मग घराला घाई का? हप्ता हाती येण्याआधी एक फुलस्केप कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसा. आणि बसताना घरातल्या बायामाणसांना शेजारी घ्या, एवढीच विनंती.