यंत्राचा कौल आणि माणसाची सही

इमारत, खाटा आणि जमाखर्च यांचा तपशील आपण या अहवालात दरवर्षी वाचता. यंदा एका नव्या विषयाकडे आपले लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. तो म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि तिच्याविषयी आपल्या कर्मचारीवर्गाची समज व वृत्ती.

मंठा, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून येणारा रुग्ण सकाळच्या एस.टी.ने येतो आणि दुपारच्या गाडीने परततो. क्ष-किरणतज्ज्ञ आपल्याकडे आठवड्यातून दोनच दिवस येतात. अहवालासाठी पुन्हा बोलावले तर रुग्णाची मजुरी बुडते आणि पुष्कळदा तो परत येतच नाही. म्हणून छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयरोगाची शक्यता सांगणारी संगणकप्रणाली अहवाल वर्षात घेण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीसाठी अशा प्रणालींची शिफारस केली आहे.

या प्रणालीस हजारो जुनी चित्रे त्यांच्या निदानासह दाखवून शिकविलेले असते. नव्या चित्रास ती गुणांक देते. कोणत्या अंकापुढे थुंकी तपासणी करावयाची, ही मर्यादा मात्र माणसांनी ठरवावयाची असते. मर्यादा खाली आणली तर तपासण्या व खर्च वाढतो. वर नेली तर खरे रुग्ण निसटतात. शिवाय बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचे व्रण पाहूनही गुणांक वाढू शकतो. प्रणाली निदान करीत नाही, केवळ शक्यता सांगते.

कर्मचाऱ्यांच्या बैठकीत दोन टोकांची मते ऐकावयास मिळाली. काही तंत्रज्ञांना नोकरीची धास्ती वाटत होती. बिलाच्या खिडकीवर संगणक आला तेव्हाही अशीच धास्ती होती, हे आम्हांस आठवते. दुसऱ्या बाजूस काही तरुण सहकारी यंत्राचा कौल अंतिम मानू लागले होते. आमच्या अनुभवाने ही दुसरी वृत्ती अधिक घातक ठरली असती.

दिवाळीपूर्वी ऊसतोडीस निघालेला एक मजूर तपासणीस आला. गुणांक मर्यादेखाली आल्याचे पाहून त्यास घरी जाण्यास सांगण्यात आले. बाह्यरुग्ण विभागातील सिस्टरांनी त्याचा खोकला ऐकून त्यास थांबविले. खोकला तीन आठवड्यांचा होता आणि वजनही उतरले होते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासावी, हा जुना नियम त्यांनी पाळला. थुंकीत क्षयजंतू आढळले. तो तसाच गेला असता, तर पाडव्यापर्यंत उपचाराविना राहिला असता आणि कोपीवरील लेकराबाळांसही संसर्गाचा धोका पोहोचला असता.

प्रणालीचे यश ती हाताळणाऱ्यांवर अवलंबून असते, हे अन्यत्रही दिसले आहे. थायलंडमधील दवाखान्यांत मधुमेहींच्या डोळ्यांची तपासणी करणारी गूगलची प्रणाली वापरली गेली. परिचारिकांनी काढलेल्या चित्रांपैकी पाचात एकाहून अधिक चित्रे प्रकाश व अन्य अडचणींमुळे प्रणालीने नाकारली, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही २०२३ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत मानवी देखरेख व रुग्णाची संमती यांवर भर दिला आहे.

यास अनुसरून विश्वस्त मंडळाने चार नियम केले आहेत. गुणांकाच्या कागदावर डॉक्टरांची सही झाल्याखेरीज रुग्णास निरोप द्यावयाचा नाही. लक्षणे असल्यास गुणांक काहीही असो, थुंकी तपासावयाची. प्रणालीचा कौल चुकल्यास त्याची नोंद वेगळ्या वहीत ठेवावयाची. आणि रुग्णाचे नाव वा केसपेपर भ्रमणध्वनीवरील कोणत्याही मोफत प्रणालीत भरावयाचा नाही. तंत्रज्ञ व परिचारिकांसाठी दरमहा एक प्रशिक्षणवर्गही सुरू केला आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. बेरीज यंत्राने केली म्हणून हिशेब तपासनिसाची सही टळत नाही, हे आम्ही आयुष्यभर पाहिले. रुग्णसेवेतही तोच न्याय लागू आहे. यंत्रासाठी देणगीदार उदार हस्ते साहाय्य करतात. ते यंत्र जाणतेपणे वापरणाऱ्या हातांच्या शिक्षणासही आपले असेच सहकार्य लाभावे, ही नम्र विनंती.