स्वस्त वेबसाइटचा महागडा हिशेब

आमच्या गटाने मसाल्यासाठी स्वस्तात वेबसाइट करून घेतली. पण वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, कायमचा मिळत नाही. मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात आणि पहिल्या वर्षाची सवलत बहुधा पुढे नसते. त्यात करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच नावावर घेतलं होतं. मुदत संपली, तो फोन उचलेना. वेबसाइट बंद, आणि पत्ता छापलेली पाचशे पाकिटं वाया!

म्हणून आधीच विचारा : डोमेन गटाच्या नावावर आहे ना? दुसऱ्या वर्षी किती भरायचे? मसाल्याचा भाव बदलायचे वेगळे पैसे का? उत्तरं लेखी घ्या. पासवर्ड अध्यक्ष-सचिवांकडे ठेवा.

सातबारा दुसऱ्याच्या नावावर असताना आपण तिथे घर बांधू का?